घर लवकर विकायचंय? मग फोटो काढायच्या आधी एवढं करा

आमचं घर विकायला काढलं तेव्हा पहिले अडीच महिने लोक यायचे, बघायचे, "छान आहे, कळवतो" म्हणायचे आणि परत फोन नाही. का ते काही कळेना. मग एक दिवस एक बाई आल्या, हॉल बघितला, बेडरूम बघितली, किचनमध्ये आल्या आणि सरळ खाली वाकून सिंकखालचं कपाट उघडलं. आतला प्लाय एका कोपऱ्यात फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते, त्यांनी त्यावर बोट दाबलं, बोटाकडे बघितलं, दार हळूच लावलं आणि पाच मिनिटांत निघाल्या. ती गळती आम्ही दोन वर्षांपूर्वीच नीट करून घेतली होती, पाइप नवा, जॉइंट नवा, एक थेंब गळत नव्हता. पण फुगलेला प्लाय तसाच राहिला होता आणि त्यांना तोच दिसला.

तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं, घर बघायला आलेला माणूस जे दिसतं त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधतो. भिंतीतली वायरिंग, फरशीखालचे पाइप, छताची अवस्था त्याला दिसत नाही, मग तो हलणारा नळ, घासत उघडणारं दार, काळी पडलेली फट बघतो आणि मनात म्हणतो की समोरच्या गोष्टींची ही गत तर आतल्यांची काय असेल. म्हणून खाली जे काही सांगतेय ते सगळं त्याच्या मनातल्या शंका एकेक करून काढून टाकण्यासाठी आहे. सजावट वगैरे त्याच्या नंतर येते, आणि खरं तर थोडीशीच लागते.

आधी घर परक्यासारखं बघा

आपण राहतो त्या घरातले दोष आपल्याला दिसायचे बंद झालेले असतात. यावर एक सोपा उपाय, बाहेरच्या रस्त्यापासून सुरू करून फोनवर व्हिडिओ काढत आत या, दार उघडा, प्रत्येक खोलीत चारी कोपरे फिरवा, कपाटं उघडा, बाथरूममध्ये खाली वाका, वर छताकडे बघा. मग बाहेर कुठेतरी बसून तो व्हिडिओ बघा. जी वायर गेली सहा वर्षं भिंतीवरून लोंबतेय ती व्हिडिओत लगेच डोळ्यात येते. कागद घ्या आणि खोलीप्रमाणे यादी करा, "किचन: खिडकीची कडी सैल, टाइलला तडा, बल्ब पिवळट" अशी, अगदी बारीकसारीक.

वासाचं मात्र व्हिडिओत कळत नाही आणि आपल्या नाकालाही कळत नाही, कारण सतत येणाऱ्या वासाची नाकाला काही मिनिटांतच सवय होते. त्यासाठी घरात न राहणारा, तोंडावर खरं बोलणारा माणूस बोलवा आणि दारातून आत पाऊल टाकल्या टाकल्या पहिलं काय जाणवलं ते विचारा. ऐकून राग येईल, पण तरी लिहून घ्या.

कामाचा क्रम चुकवू नका. आधी सामान कमी करायचं, मग दुरुस्ती, मग रंग, मग साफसफाई, मग मांडणी आणि सगळ्यात शेवटी फोटो. लोक उलटं करतात, उत्साहात आधी रंग देतात आणि मग प्लंबर येऊन भिंत फोडतो. सगळं नीट करायला साधारण चार आठवडे हाताशी ठेवा, नोकरी सांभाळून करत असाल तर थोडे जास्तच.

सामान कमी करणं हेच निम्मं काम

यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि यातच सगळ्यात जास्त फरक पडतो, तोही जवळपास फुकट. खच्चून भरलेली खोली लहान दिसते हे सगळ्यांना माहीत असतं, पण भरलेलं कपाट तर अजून वाईट, कारण बघायला येणारे कपाटं उघडतातच आणि उघडल्यावर अंगावर चादरी आल्या की त्यांना एवढंच कळतं की या घरात सामान ठेवायला जागा पुरत नाही. म्हणून प्रत्येक कपाटाचा निदान एक तृतीयांश भाग रिकामा दिसला पाहिजे. तळाशी थोडी जमीन दिसू द्या, वरचा कप्पा मोकळा ठेवा.

नाहीतरी घर बदलायचंच आहे, मग पॅकिंग आत्ताच सुरू झालं असं समजा. पुढच्या तीन महिन्यांत लागणार नाही ते सगळं खोक्यात. ती खोकी बाल्कनीत किंवा मागच्या खोलीत रचून ठेवू नका, नाहीतर गोंधळ फक्त इथून तिथे सरकला, कमी नाही झाला. नातेवाईक, मित्र, भाड्याची गोदामाची जागा, कुठेही चालेल, पण घराबाहेर.

फर्निचरचंही तेच. प्रत्येक खोलीतली एक मोठी वस्तू काढून बघा. आम्ही हॉलमधली एक जुनी आरामखुर्ची काढली, आई नाराज झाली, पण ती गेल्यावर दारातून थेट खिडकीपर्यंत नजर जायला लागली आणि तोच हॉल दीडपट वाटायला लागला. चालायच्या वाटेला साधारण ९० सेंटीमीटर मोकळे मिळाले तर चालताना माणूस अडखळत नाही. दार पूर्ण उघडलंच पाहिजे, मागे कपडे टांगलेला हूक आणि त्यामुळे अर्धवट उघडणारं दार हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

प्रत्येक खोलीला एकच काम द्या. इस्त्रीचं टेबल, व्यायामाची सायकल, कॉम्प्युटर आणि पाहुण्यांचा पलंग एकाच खोलीत असेल तर बघणाऱ्याला ती खोली म्हणून दिसतच नाही, अडगळ म्हणून दिसते. पलंग ठेवा, बाकी हलवा. घरच्यांचे फोटो, मुलांची बक्षिसं, फ्रिजवर चिकटवलेले कागद हेही काढा, त्यात वाईट काही नाही पण माणूस फोटोतले चेहरे बघत बसतो आणि आपण दुसऱ्याच्या घरात आलोय हे त्याला सारखं जाणवत राहतं, आणि आपल्याला तर त्याने तिथे स्वतःचा सोफा कल्पनेत मांडायला हवाय.

दुरुस्ती: छोट्या गोष्टी सगळ्या, मोठ्या फार कमी

गळणारे नळ, करकरणारी बिजागरं, हलणारे हँडल, सैल स्विच, तुटलेली जाळी, न चालणारा एक्झॉस्ट फॅन, यादीतलं असलं सगळं करून टाका. यातलं एकेक काम अर्ध्या तासाचं असतं पण पाच-सहा राहिली की घर दुर्लक्षित वाटतं.

बेसिनच्या आणि बाथटबच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलं असेल तर त्यावरच नवीन फासू नका, जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही. ब्लेडने जुनं पूर्ण खरवडून काढा, जागा पुसून कोरडी होऊ द्या, मग नवीन भरा आणि २४ तास पाणी लागू देऊ नका. बाथरूमला याच्याइतका स्वस्तात नवेपणा दुसऱ्या कशानेही येत नाही.

ओल आली असेल तर आधी ती कुठून येतेय ते शोधा. भिंतीवर हातभर ॲल्युमिनियम फॉइल घेऊन चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं असेल तर ओल भिंतीतून येतेय, म्हणजे पाइप किंवा बाहेरची भीज. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर घरातलीच वाफ थंड भिंतीवर बसतेय, मग खिडकी आणि एक्झॉस्टकडे बघा. कारण दूर करून भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंग दिलात तर थोड्या दिवसांत तो फुगे येऊन सुटतो, आणि तो नेमका कुणीतरी बघायला आल्यावर सुटलेला दिसतो. भिंतीवर पांढरी पावडर फुटली असेल तर ती क्षारांची असते, ती कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने धुतलं की क्षार परत आत मुरतात.

आणि कृपा करून दोष झाकू नका. ओलीच्या डागासमोर कपाट सरकवणं, तड्यावर कॅलेंडर लावणं, हे पुढे उघड होतंच आणि तेव्हा माणूस फक्त त्या एका डागावरचा विश्वास गमावत नाही, आपण सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवरचा गमावतो, ठरलेला व्यवहार मोडतो, काही वेळा कायदेशीर झंझटही मागे लागते. काय होतं, कधी दुरुस्त केलं, बिल हे आहे, असं सरळ सांगितलं की उलट त्याची भीती जाते. आम्ही सिंकखालचा प्लाय बदलला आणि प्लंबरचं जुनं बिल त्याच कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवलं. पुढे तिथे वाकून बघणाऱ्यांनी ते वाचलं आणि विषय तिथेच संपला.

मोठी कामं, म्हणजे नवीन किचन, नवीन फरशी, शक्यतो टाळा. आपल्या आवडीच्या टाइल्स घेणाऱ्याला आवडतीलच असं नाही, तो कदाचित पहिल्याच महिन्यात त्या उखडेल आणि आपले पैसे किमतीतून सगळे परत निघणं अवघड असतं. एखादी गोष्ट धोकादायक किंवा बंद पडलेली असेल तर मात्र कराच, उघडी वायर असलेलं घर दाखवू नये.

रंग

गडद भिंत असेल तर ऑफ-व्हाइट किंवा फिकट उबदार रंग, छत पांढरं, दोन कोट. एक चूक जवळजवळ सगळे करतात, डाग पडलाय तेवढ्याच चौकोनाला टचअप मारतात. डबा तोच असला तरी जुना रंग उन्हाने आणि धुळीने बदललेला असतो, चमकही वेगळी असते, त्यामुळे बाजूने प्रकाश आला की तो चौकोन आधीच्या डागापेक्षा जास्त दिसतो आणि बघणारा विचारतो "इथे काय झालं होतं?" रंग द्यायचा तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आख्खी भिंत द्या. दाराच्या चौकटी आणि स्विचबोर्डभोवतीचे हाताचे डाग विसरू नका. आणि रंगाचा वास जायला चार-पाच दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

उजेड, वास, सफाई

खिडक्यांच्या काचा आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी धुवा. आम्ही धुतल्या तेव्हा मला खरंच वाटलं की कुणीतरी लाइट लावलाय. जाड पडदे काढा किंवा पूर्ण बाजूला बांधा, खिडकीपुढची उंच वस्तू हलवा.

बल्ब सगळे तपासा. एका खोलीत एक पिवळा आणि एक निळसर पांढरा असं असेल तर खोली विचित्र दिसते, फोटोत तर जास्तच. हॉल-बेडरूमला २७०० ते ३००० केल्व्हिन (हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा), किचन-बाथरूमला ४००० पर्यंत चालतो, पण एका खोलीत एकच. बल्ब घेताना वॅट न बघता लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघा, जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बएवढा उजेड साधारण ८०० लुमेनच्या एलईडीत मिळतो. कोपरा अंधारा राहत असेल तर तिथे एक उभा दिवा ठेवा.

वास झाकायला सुगंधी स्प्रे मारणं ही मला सगळ्यात घातक सवय वाटते, तीव्र सुगंध आला की माणूस आधी हाच विचार करतो की हे काय लपवतायत. वासाचं मूळ काढा. न वापरलेल्या बाथरूममधून गटाराचा वास येत असेल तर बहुतेक वेळा ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं, बेसिनखालच्या वाकड्या पाइपात आणि जमिनीच्या जाळीखाली जे थोडं पाणी थांबतं तेच खालचा वायू वर येऊ देत नाही. एक-दोन तांबे पाणी ओतलं की झालं, बरेच दिवस वापर होणार नसेल तर वरून दोन चमचे तेल सोडा म्हणजे पाणी लवकर उडत नाही. कचऱ्याचा डबा, पाळीव प्राण्याची गादी, फ्रिजच्या दाराचं रबर, किचनच्या चिमणीची जाळी, वास बहुतेक यातच असतो. पडदे आणि सोफ्याची कव्हरं धुतली की उरलेला निम्मा जातो.

नळावरचे, काचेवरचे पांढरे क्षारांचे डाग व्हिनेगरने सुटतात, कापड भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवा. पण संगमरवरावर व्हिनेगर अजिबात नको, ॲसिडने दगडाची चमक खाल्ली जाते आणि परत पॉलिश केल्याशिवाय ती येत नाही. आणि ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, क्लोरिन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये हा जिवावरचा खेळ आहे. घाईत सफाई करताना लोक नेमकं हेच करतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

फोटो

आता बहुतेक लोक घर आधी फोनवर बघतात आणि तिथेच ठरवतात की जायचं की नाही. त्यामुळे तयारी अर्धवट असताना "तोपर्यंत टाकून ठेवू" म्हणून फोटो टाकू नका, वाईट फोटो एकदा बघितलेला माणूस परत फिरकत नाही.

फोन आडवा धरा, साधारण छातीच्या उंचीवर, आणि खोलीच्या कोपऱ्यातून किंवा दारातून काढा. कॅमेऱ्यातली ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या उभ्या-आडव्या रेघा, चालू करा आणि भिंतीच्या उभ्या कडा सरळ आहेत ना ते बघा, फोन वर-खाली झुकला की भिंती पडल्यासारख्या दिसतात. ०.५ वाली अतिरुंद लेन्स टाळा, कडा ताणल्या जातात, खोली मैदानासारखी दिसते आणि मग प्रत्यक्ष आलेल्या माणसाचा दारातच चेहरा पडतो. दिवसा काढा, ज्या वेळी त्या खोलीत चांगला उजेड असतो त्या वेळी, प्रत्येक खोलीची वेळ वेगळी असू शकते. टॉयलेटचं झाकण बंद, टीव्ही बंद, आरशात आपण दिसत नाही ना एवढं बघा. पंधरा-वीस फोटो पुरे, पहिला सगळ्यात चांगल्या खोलीचा, आणि खोल्यांच्या मापांसकट एक नकाशा जरूर जोडा, माझा पलंग मावेल का हा प्रश्न लोकांना खरंच असतो.

किंमत

घर कितीही छान केलं तरी किंमत चुकली तर ते पडून राहतं. आपल्या वस्तूची किंमत आपल्याला जास्तच वाटते, हा माणसाचा स्वभावच आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांचे १९९० साली प्रसिद्ध झालेले प्रयोग आहेत, त्यात काही लोकांना साधे कॉफीचे मग देऊन विचारलं कितीला विकाल, बाकीच्यांना विचारलं कितीला घ्याल. ज्यांच्या हातात तो कप नुकताच आला होता त्यांनी घेणाऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट किंमत मागितली. एका मगाचं हे, मग ज्या घरात मुलं मोठी झाली त्याचं काय होत असेल विचार करा.

म्हणून आजूबाजूची तशीच घरं गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते बघा, लोक किती मागतायत त्यावर जाऊ नका. नवीन लिस्टिंगला, म्हणजे घराच्या ऑनलाइन जाहिरातीला, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त लोक बघतात, तेव्हाच किंमत फुगवलेली असेल तर तो काळ वाया जातो आणि नंतर कमी केली की लोक म्हणतात, इतके दिवस विकलं नाही म्हणजे काहीतरी गडबड असणार. अंदाज घ्यायची माझी पद्धत अशी: लिस्टिंग बघतायत पण फोन येत नाहीत तर फोटो किंवा किंमत चुकतेय, बघायला येतायत पण पुढे बोलणं होत नाही तर प्रत्यक्ष घरात काहीतरी खटकतंय.

दाखवायचा दिवस

कुणी यायच्या अर्धा तास आधी सगळ्या खिडक्या दहा मिनिटं उघडा, सगळे दिवे लावा, आतली दारं उघडी, कचरा बाहेर, बाथरूमची जमीन कोरडी, ओले टॉवेल नजरेआड. त्या दिवशी घरात तळण नको. दागिने, बँकेचे कागद, औषधं, जास्तीच्या चाव्या कुलपात, कारण अनोळखी माणूस घरभर फिरणार आहे. येणाऱ्याचं नाव-नंबर आधी घ्या, एकटं असताना दाखवू नका, आणि "आम्ही शनिवारी नसतो" असलं काही बोलून जाऊ नका. कुत्रा-मांजर शेजारी ठेवा, मुलांना खेळायला पाठवा. राहत्या घरात रोज हे सगळं करणं दमवतं, आम्ही प्रत्येक खोलीत एक रिकामी टोपली ठेवली होती, फोन आला की पसारा त्यात आणि टोपली गाडीत.

एजंट असेल तर तुम्ही चक्क बाहेर जा. स्वतः दाखवत असाल तर दार उघडून त्यांना पुढे जाऊ द्या, लहान खोलीत त्यांच्या मागोमाग शिरू नका, दारात थांबा. "हे बाथरूम" असं सांगू नका, ते त्यांना दिसतंय, जे दिसत नाही ते सांगा, म्हणजे सकाळी ऊन कुठल्या खोलीत येतं, वायरिंग कधी बदललं, पाण्याचा प्रेशर कसा आहे, नळ सोडून दाखवा. मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे मला माहीत आहे, पण दोघं नवरा-बायको खिडकीपाशी हळू आवाजात टेबल कुठे ठेवू बोलायला लागले की आपण एक शब्द बोलायचा नाही. सगळ्यात चांगली खोली शेवटी परत दाखवा, बोलणं तिथेच होऊ द्या.

टेबलावर एक फाइल ठेवा, दुरुस्तीची बिलं, वॉरंटी, नकाशा, वीज-पाण्याची गेल्या वर्षाची बिलं. "का विकताय?" हा प्रश्न येणारच, खरं आणि एका वाक्यात उत्तर द्या, अडचणींचा पाढा वाचलात की भाव पडलाच म्हणून समजा. दारात उभ्या उभ्या किंमत कमी करू नका, लेखी कळवा म्हणा. दुसऱ्या दिवशी फोन करून फक्त एवढं विचारा की काय खटकलं. एकाने सांगितलं तर लिहून ठेवा, तिघांनी तेच सांगितलं तर ते लगेच दुरुस्त करा.

घर रिकामं असेल तर उलटी अडचण होते, मोकळी खोली लहान वाटते आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा दिसतो. हॉलमध्ये सोफा आणि टेबल, एका बेडरूममध्ये पलंग एवढं तरी ठेवा, वीज-पाणी चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडा, बाथरूमच्या जमिनीतल्या सगळ्या जाळ्यांत पाणी ओता.

व्यवहार ठरल्यावर पंखे, गीझर, पडद्याचे रॉड, कपाटं यातलं काय राहणार आणि काय तुम्ही नेणार याची यादी करून दोघांनी सह्या करा, शेवटच्या आठवड्यातली भांडणं बहुतेक असल्याच गोष्टींवरून होतात. ताबा द्यायच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचे फोटो काढा, आणि प्रत्येक चावीला चिठ्ठी लावा, मेन दार, बाल्कनी, लॉफ्ट, लेटरबॉक्स.